चालतंय, पण कळलंय का? पँडोरावरच्या 'स्टारक्राफ्ट'चं परीक्षण

२०१४ साली ब्लिझार्ड कंपनीचा 'स्टारक्राफ्ट' हा खेळ पँडोरा नावाच्या एका छोट्या, दोन्ही हातांत धरायच्या लिनक्स संगणकावर चालू लागला. मूळ खेळ १९९८चा, विंडोज ९५साठी लिहिलेला. पँडोरावर तो ब्लिझार्डने आणला नव्हता, आणि आणणाऱ्याकडे खेळाचा सोर्स कोडही नव्हता. 'नोटाझ' या टोपणनावाने काम करणाऱ्या प्रोग्रामरने खेळाची एक्झिक्युटेबल फाइल उलगडली, तिचं दुसऱ्या प्रोसेसरसाठी भाषांतर केलं आणि खेळ चालवून दाखवला.

या कामाबद्दल दोन प्रकारची मतं ऐकू येतात. एक म्हणजे 'जादू आहे, आपल्याला जमणारं नाही'. दुसरं, विद्यापीठांत जास्त ऐकू येणारं: 'इंजिनिअरिंग म्हणून ठीक, पण यात संशोधन कुठे आहे?' मला दोन्ही मतं पटत नाहीत. पहिल्यात पद्धत दिसत नाही, दुसऱ्यात पुरावा दिसत नाही. या कामात दोन्ही आहेत. पण या पुराव्यावरून नेमकं काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, हे नीट तपासायला हवं. पीएचडीची तयारी करणाऱ्यांना हा सराव फार उपयोगी आहे, कारण 'माझी सिस्टिम चालते' आणि 'मला हे कळलं आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि आपल्या प्रपोजलमध्ये ती सर्रास एकमेकांत मिसळलेली असतात.

अडचण नेमकी काय होती?

प्रोग्रामर लिहितो तो सोर्स कोड. त्यात नावं असतात, टिपा असतात, फंक्शनची रचना असते. कंपायलर त्याचं प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांत रूपांतर करतो, आणि या रूपांतरात नावं गळून पडतात, टिपा जातात. उरतात त्या बाइट्सच्या रांगा. 'स्टारक्राफ्ट'च्या बाबतीत या रांगा इंटेलच्या ३२ बिटी प्रोसेसरसाठी होत्या. पँडोरात मात्र एआरएम जातीचा, कॉर्टेक्स-ए८ हा ६०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता. त्याला इंटेलच्या सूचना कळत नाहीत.

मग इम्युलेटर का वापरला नाही? इम्युलेटर म्हणजे एका प्रोसेसरवर बसून दुसऱ्या प्रोसेसरचं सोंग आणणारा प्रोग्राम. खेळाच्या डब्यावर किमान गरज म्हणून ९० मेगाहर्ट्झचा पेंटियम आणि १६ एमबी मेमरी असं लिहिलेलं होतं. ९० कुठे आणि ६०० कुठे, जमायला हवं, असं वाटतं. पण इंटेलची एक सूचना वाचायची, ओळखायची, तिचा परिणाम एआरएमच्या अनेक सूचनांनी घडवून आणायचा, शिवाय तिच्यामुळे बदललेल्या फ्लॅग्जची नोंद ठेवायची, या सगळ्यात मूळच्या एका पावलाला अनेक पावलं पडतात. त्यात खेळ एकटा नाही, त्याच्याखाली विंडोजही आहे. हे ओझं त्या छोट्या यंत्राला पेलणारं नव्हतं.

म्हणून दुसरा मार्ग: खेळ चालू असताना दर वेळी अर्थ लावण्याऐवजी आधीच, एकदाच, सगळं भाषांतर करून ठेवायचं. याला स्टॅटिक रिकंपायलेशन म्हणतात. फाइल डिसअसेंबल करायची, म्हणजे बाइट्सवरून असेंब्ली भाषेतल्या सूचना काढायच्या. त्या सूचनांचं सी भाषेत रूपांतर करणारं टूल स्वतः लिहायचं. आणि तो सी कोड एआरएमसाठीच्या कंपायलरला द्यायचा. राहिलं विंडोज. खेळ विंडोजकडे खिडकी मागतो, आवाज मागतो, फाइल उघडायला सांगतो. या मागण्या वाइनच्या लायब्ररीकडे वळवल्या. वाइन म्हणजे विंडोजच्या फंक्शन्सची लिनक्सवर नव्याने लिहिलेली आवृत्ती.

मोडीचं लिप्यंतर आठवा

वरचा परिच्छेद वाचून काम सरळ वाटतं, पण ते तसं नाही. मोडी कागद वाचलेल्यांना यातली मेख लगेच कळेल. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात. ओळ सलग वाहते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो, आणि नेहमीचे शब्द आखडून लिहिलेले असतात. अक्षरं ओळखता आली तरी एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

बायनरीचंही तसंच आहे. इंटेलच्या सूचना सारख्या लांबीच्या नसतात: कुठली एका बाइटची, कुठली पाच बाइट्सची. एक बाइट चुकीच्या जागेपासून वाचायला सुरुवात केली की पुढे भलत्याच सूचना दिसतात, आणि त्या दिसायला अगदी खऱ्यासारख्या असतात. शिवाय सूचनांच्या मध्येच डेटा पेरलेला असतो. काही बाइट्स म्हणजे प्रोसेसरला दिलेले हुकूम, काही म्हणजे पत्त्यांचे तक्ते. कुठला बाइट कोड आणि कुठला डेटा, हे कोणत्याही प्रोग्रामसाठी हमखास सांगेल असा अल्गोरिदम असूच शकत नाही, हे संगणकशास्त्रात सिद्ध झालेलं आहे. म्हणून कुठल्याही डिसअसेंबलरच्या कामात अंदाज असतात, आणि ते अंदाज माणसाला तपासावे लागतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा तीन सूचना अशा आहेत: 'ईएसआय रजिस्टरमध्ये जो पत्ता आहे त्याच्या ८ बाइट पुढे असलेली संख्या उचल, तिच्यातून ५ वजा कर, उत्तर शून्य किंवा त्याहून कमी असेल तर अमुक पत्त्यावर उडी मार.' याचं सी भाषेत भाषांतर करता येतं: एक चल, एक वजाबाकी, एक अट. प्रोग्राम बरोबर चालेल. पण मूळ प्रोग्रामरच्या डोक्यात काय होतं? कदाचित 'सैनिकाची ताकद पाचने कमी करा, संपली तर त्याला मेलेला समजा'. कदाचित 'खाणीतला साठा पाचने घटवा, संपला तर खाण बंद करा'. या तीन सूचनांवरून ते कळत नाही, आणि मुख्य मुद्दा असा की भाषांतराला ते कळण्याची गरजही नाही.

लिप्यंतर आणि अर्थ यांत जे अंतर आहे तेच हे. मोडी अक्षरं नीट ओळखणारा माणूस कागद देवनागरीत उतरवून देऊ शकतो, आणि ते लिप्यंतर चोख असू शकतं. पण त्या कागदात महसुलाची कुठली पद्धत दिसते, हे सांगायला वेगळा अभ्यास लागतो. चोख लिप्यंतर ही कमी दर्जाची गोष्ट आहे असं मला म्हणायचं नाही. त्याच्याशिवाय पुढचं कामच उभं राहत नाही. फक्त लिप्यंतर करून अर्थ लावल्याचा दावा करू नये.

दाद कशाला द्यायची

या पोर्टमधल्या तीन गोष्टी मला शिकण्यासारख्या वाटतात.

पहिली, सीमा कुठे आखली. कुठलंही मोठं काम हाती घेताना 'यातलं मी काय करणार नाही' हे ठरवणं अर्धं काम असतं. इथे रेषा विंडोजच्या फंक्शन्सवर आखली. त्या रेषेच्या वरचा कोड भाषांतरित करायचा, खालचा वाइनवर सोडायचा. ही रेषा योग्य आहे, कारण तिथे कराराची कागदपत्रं आहेत: विंडोजच्या प्रत्येक फंक्शनला काय द्यायचं आणि ते काय परत देतं, हे प्रसिद्ध आहे. रेषा खेळाच्या आत कुठेतरी आखली असती, समजा 'फक्त चित्रं काढणारा भाग नव्याने लिहू' असं ठरवलं असतं, तर आधी तो भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हेच शोधत बसावं लागलं असतं. ब्लिझार्डची स्वतःची 'स्टॉर्म' लायब्ररी, व्हिडिओ दाखवणारी 'स्मॅकर' लायब्ररी असे शेजारी खेळाला आहेतच. त्यांतला कोण रेषेच्या आत आणि कोण बाहेर, हा निर्णय प्रत्येकासाठी स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

दुसरी, श्रम कुठे खर्च केले. टूल एकेक सूचना बदलून देतं, पण प्रत्येक फंक्शनला किती गोष्टी दिल्या जातात, त्या स्टॅकवरून येतात की रजिस्टरमधून, परत काय मिळतं, ही माहिती बायनरीत लिहिलेली नसते. ती वापरावरून ओळखावी लागते. पत्ता आधी मेमरीतून उचलून मग त्यावर उडी मारणाऱ्या सूचना असतील तर काम आणखी बिकट होतं, कारण उडी कुठे पडणार हे नुसतं वाचून दिसत नाही. म्हणजे जे काम यंत्राला नक्की करता येतं ते यंत्राकडे, आणि जिथे निर्णय लागतो तिथे माणूस. आज यंत्रांकडून कोड लिहून घेण्याच्या दिवसांत ही वाटणी मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. अशा कामात मूळ खेळ हाच परीक्षक असतो. भाषांतर बरोबर आहे का? मूळ प्रोग्राम आणि नवा प्रोग्राम शेजारी शेजारी चालवा, तोच इनपुट द्या, फरक पाहा. आपल्यापैकी किती जणांच्या संशोधनात इतका खणखणीत परीक्षक असतो? समाजशास्त्रात नसतो, जीवशास्त्रात क्वचित असतो, मशिन लर्निंगमध्ये आपण 'टेस्ट सेट' नावाचा त्याचा दूरचा नातेवाईक वापरतो.

'स्टारक्राफ्ट'मध्ये तर हा परीक्षक आणखी कडक करता येतो. या खेळाच्या रिप्ले फाइलमध्ये सामन्याचं चित्रण नसतं. खेळाडूंनी दिलेले हुकूम आणि यादृच्छिक संख्यांची सुरुवातीची किंमत, एवढंच साठवलेलं असतं. रिप्ले पाहताना खेळ तोच सामना पुन्हा आतून खेळतो. नेटवर्कवरचे सामनेही याच तत्त्वावर चालतात: प्रत्येक संगणक स्वतःपुरता संपूर्ण सामना गणतो, एकमेकांना फक्त हुकूम पाठवले जातात. त्यामुळे गणितात कुठेही एका एककाचा फरक पडला की तो वाढत जातो, आणि मिनिटाभराने एका पडद्यावर जिवंत असलेला सैनिक दुसऱ्या पडद्यावर मेलेला असतो. पोर्ट तपासायला याहून निर्दय चाचणी शोधून सापडणार नाही. जुन्या सामन्यांच्या रिप्ले चालवा. शेवट जुळला तर त्या वाटेवरचा कोड बरोबर आहे, असं बऱ्याच विश्वासाने म्हणता येतं. 'त्या वाटेवरचा' हे शब्द सोडू नका. ज्या फंक्शनकडे एकाही रिप्लेची वाट गेली नाही, त्याबद्दल या चाचणीला काहीच म्हणता येत नाही.

कुठे अडतं

आता टीका. माझे आक्षेप तीन आहेत, आणि ते प्रोग्रामरच्या कौशल्यावर नाहीत. ते या पद्धतीच्या मर्यादांवर आहेत.

पहिला आक्षेप टिकाऊपणाचा. यांत्रिक भाषांतरात मूळ प्रोग्रामची मेमरीतली मांडणी तशीच ठेवावी लागते. वरच्या उदाहरणातलं '८ बाइट पुढे' तसंच राहतं, कारण तिथे काय आहे हे आपल्याला माहीत नाही, तेव्हा ते हलवायचं कसं? मूळ खेळात मेमरीतला प्रत्येक पत्ता ४ बाइट्सचा आहे. पँडोराचा प्रोसेसरही ३२ बिटी, म्हणून तिथे हे जमून गेलं. पण ६४ बिटी यंत्रावर पत्ता ८ बाइट्सचा होतो आणि ४ बाइट्सच्या खणात मावत नाही. खण मोठा करायचा तर त्यानंतरची प्रत्येक गोष्ट सरकते, आणि 'अमुक बाइट पुढे' असं लिहिलेल्या सगळ्या जागा चुकतात. एआरएमच्या जगात ३२ बिटी आधार कमी होत चालला आहे. ॲपलने २०१७च्या आयओएस ११पासून ३२ बिटी ॲप्स बंद केली, आणि एआरएमने २०२१ साली जाहीर केलेला कॉर्टेक्स-एक्स२ हा प्रोसेसर फक्त ६४ बिटी कोड चालवतो. यावर उपाय आहेत, उदाहरणार्थ सगळी मेमरी खालच्या पत्त्यांत कोंबणं. पण ती तात्पुरती डागडुजी आहे. थोडक्यात, खेळ एका यंत्राच्या तावडीतून सुटून दुसऱ्या यंत्राच्या तावडीत गेला. 'जुना खेळ जपला' असं म्हणायचं असेल तर हा हिशोब मांडायला हवा.

दुसरा आक्षेप ज्ञानाचा. भाषांतरातून निघालेला सी कोड हा नावापुरताच सी असतो. चलांची नावं रजिस्टरची असतात, फंक्शनची नावं पत्त्यांची. असा कोड चालवता येतो, पण वाचून 'स्टारक्राफ्ट'मधले सैनिक वाट कशी शोधतात हे शिकता येत नाही. निदान मूळ डिसअसेंब्लीपेक्षा फारसं सोपं होत नाही.

तिसरा आक्षेप तपासणीचा, आणि संशोधक म्हणून मला तोच सगळ्यांत जास्त टोचतो. भाषांतरित कोड हा मूळ खेळाच्या हक्काधिकाऱ्यांच्या कोडवरूनच तयार झालेला असतो. तो उघडपणे वाटणं कायद्याच्या दृष्टीने धोक्याचं आहे. नोटाझने भाषांतराची टूल्स खुली केली आहेत, ही मोठी जमेची बाजू. पण टूल हाती असणं आणि निकाल स्वतः तपासता येणं यांत फरक आहे. मधल्या अंतरात हाताने केलेले शेकडो बारीक निर्णय असतात: हा बाइट डेटा, या फंक्शनला तीन गोष्टी लागतात, ही उडी इथेच पडते. ते निर्णय हाती नसतील तर दुसऱ्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सोर्स कोड नसलेल्या बायनरीपासून निघालो, आणि लोकांच्या हाती पुन्हा सोर्स कोड नसलेली बायनरीच आली.

दुसऱ्या वाटेने गेलेले

हे आक्षेप टाळता येतात का, हे पाहायला शेजारचं एक काम उपयोगी पडतं. ब्लिझार्डचाच 'डायब्लो' हा खेळ १९९६च्या अखेरचा. २०१८ साली 'डेव्हिल्यूशन' या नावाने त्याचा वाचता येईल असा, नव्याने उभा केलेला सोर्स कोड जाहीर झाला. याला डीकंपायलेशन म्हणतात. लिप्यंतर न करता आशय समजून घेऊन मूळ मजकूर पुन्हा लिहून काढायचा, असा हा प्रकार.

इथे एक नशिबाची गोष्ट होती. 'डायब्लो'च्या जपानी प्लेस्टेशन आवृत्तीच्या डिस्कवर डीबगिंगसाठीची चिन्हांची फाइल चुकून राहून गेली होती. तिच्यात फंक्शन आणि चलांची खरी नावं होती. मोडीच्या भाषेत सांगायचं तर त्याच दफ्तराची, शब्द तोडून लिहिलेली दुसरी नक्कल सापडली.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुराव्याचा प्रकार. डेव्हिल्यूशनमध्ये नव्याने लिहिलेलं फंक्शन त्या काळच्याच मायक्रोसॉफ्ट कंपायलरने कंपाइल करून मूळ फाइलशी ताडून पाहायचं, असा शिरस्ता होता. सूचना जुळल्या तर फंक्शन बरोबर. रिप्लेची चाचणी फक्त चाललेल्या वाटा तपासते. ही चाचणी न चाललेल्याही तपासते. मूळ खेळातल्या चुकासुद्धा जशाच्या तशा ठेवल्या गेल्या, कारण ध्येय 'चांगला डायब्लो' हे नव्हतं, 'तोच डायब्लो' हे होतं. आणि कोड वाचता येतो म्हणून पुढची मंडळी त्यावर काम करू शकली. 'डेव्हिल्यूशन-एक्स' या पुढच्या प्रकल्पातून हाच खेळ निंटेंडो स्विच, प्लेस्टेशन व्हिटा, निंटेंडो थ्रीडीएस अशा हँडहेल्डवर गेला. एका माणसाने एका यंत्रासाठी केलेलं पोर्ट आणि अनेकांनी अनेक यंत्रांवर नेलेलं पोर्ट यांतला फरक कौशल्याचा नाही. पहिल्यात निकाल चालवण्याजोगा होता, दुसऱ्यात तो वाचण्याजोगाही होता.

तरी डेव्हिल्यूशनलाही डोक्यावर घेऊन नाचू नका. सूचना जुळल्या म्हणजे अर्थ जुळला, असं नाही. एखाद्या चलाला 'ताकद' नाव दिलं काय आणि 'साठा' दिलं काय, कंपायलर त्याच सूचना काढतो. म्हणजे नावं आणि टिपा, ज्यांच्यामुळे कोड वाचनीय होतो, नेमक्या त्यांनाच ही कडक चाचणी हात लावत नाही. चिन्हांची फाइल जिथे साक्ष देते तिथे भरवसा जास्त, बाकी ठिकाणी तो एका अभ्यासू माणसाचा अंदाज आहे. शिवाय काम किती? 'स्टारक्राफ्ट'साठी अशी साक्ष हाती नसताना हीच वाट धरली असती तर पँडोरावर तो खेळ कधी दिसला असता का, याची मला शंका आहे.

'पण त्याला फक्त खेळायचं होतं!'

यावर कुणी म्हणेल, 'पोर्ट करणाऱ्याने संशोधनाचा दावा केलाच कुठे होता? त्याला त्या छोट्या यंत्रावर खेळ हवा होता. तुम्ही त्याला पीएचडीच्या फुटपट्टीने का मोजता?'

आक्षेप रास्त आहे. त्याने जे सांगितलं ते केलं, आणि त्या कसोटीवर काम उत्तम आहे. पँडोराच्या ८०० बाय ४८० च्या पडद्यावर ६४० बाय ४८०चा खेळ उंचीला तंतोतंत बसतो आणि माउसचं काम टचस्क्रीनवर भागतं. यंत्राची निवडही अचूक होती. मी फुटपट्टी लावतोय ती या कामाचा दाखला देऊन आपण जी वाक्यं लिहितो त्यांना. 'सोर्स कोडशिवायही सॉफ्टवेअर जपता येतं' हे वाक्य या उदाहरणाच्या जोरावर लिहिलं, तर ते वाक्य उदाहरणापेक्षा मोठं झालं. 'सोर्स कोडशिवायही, मूळ प्रोसेसरशी मिळत्याजुळत्या रचनेच्या यंत्रावर, प्रोग्रामचं वागणं पुन्हा घडवता येतं' एवढंच या पुराव्यात बसतं. दुसरं वाक्य लांबलचक आहे, पण कुणी उलटतपासणी केली तर तेच टिकेल.

आणि हा प्रश्न खेळापुरता नाही. 'स्टारक्राफ्ट' हे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधकांचं मैदान आहे. २०१० साली एआयआयडीई परिषदेत या खेळाच्या बॉट्सची स्पर्धा सुरू झाली. हे बॉट 'बीडब्ल्यूएपीआय' या लायब्ररीतून खेळाशी बोलतात, आणि ती लायब्ररीसुद्धा सोर्स कोडशिवाय, खेळाच्या मेमरीत कुठे काय आहे हे शोधून काढून बनवलेली आहे. ती बरीच वर्षं १.१६.१ या एकाच आवृत्तीला बांधलेली राहिली, कारण आवृत्ती बदलली की पत्ते बदलतात. तिच्यावर उभे असलेले शोधनिबंध, प्रबंध त्या पत्त्यांवर विसंबून आहेत. '८ बाइट पुढे ताकद आहे' हे कुणीतरी ओळखलं, म्हणून बॉटला शत्रूची ताकद कळते. ते चुकीचं ओळखलेलं असेल तर बॉट शिकेल, पण भलतंच शिकेल.

कायद्याबद्दल थोडं

'हे करणं कायदेशीर आहे का?' हा प्रश्न प्रत्येक सेमिनारमध्ये येतो. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१) खाली प्रोग्रामबद्दल काही सवलती आहेत. रीतसर प्रत बाळगणाऱ्याला, स्वतंत्रपणे बनवलेल्या दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी लागणारी आणि सहज न मिळणारी माहिती काढून घेता येते. प्रोग्राममागच्या कल्पना आणि तत्त्वं समजून घेण्यासाठी त्याच्या कामकाजाचं निरीक्षण, अभ्यास, चाचणीही करता येते. अमेरिकेत १९९२च्या सेगा विरुद्ध अकोलेड खटल्यात याच धर्तीचा निकाल आला होता. पण समजून घेणं वेगळं आणि समजून घेऊन तयार केलेला कोड जगाला वाटणं वेगळं. 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चे दोन खेळ असेच उलगडून कोड खुला करणाऱ्यांवर टेक-टू कंपनीने २०२१ साली अमेरिकेत खटला भरला. तुमच्या कामात हे येणार असेल तर सुरुवातीलाच गाइडशी आणि विद्यापीठाच्या विधी विभागाशी बोला. प्रबंध छापायच्या वेळी बोलून उपयोग नसतो.

तुमच्या प्रपोजलसाठी

असं कुठलंही काम वाचताना, किंवा स्वतःचं मांडताना, तीन प्रश्न कागदावर लिहून ठेवा.

एक: परीक्षक कोण? तुमचं उत्तर बरोबर आहे हे कशाशी ताडून ठरणार? मूळ प्रोग्राम, जुना डेटा, दुसरा वाचक, काहीही चालेल, पण तो तुमच्या हातचा नसावा.

दोन: परीक्षकाला काय दिसत नाही? रिप्लेला न चाललेल्या वाटा दिसत नाहीत, सूचना ताडणाऱ्याला नावं दिसत नाहीत. प्रत्येक चाचणीची अशी एक आंधळी बाजू असते. तुमची आंधळी बाजू तुम्हीच आधी लिहिलीत तर ती मर्यादा ठरते. बाहेरच्या परीक्षकाने शोधली तर ती त्रुटी ठरते.

तीन: हाताने घेतलेले निर्णय कुठे नोंदवले आहेत? टूल खुलं केलं, डेटा दिला, एवढ्याने भागत नाही. मधे तुम्ही जे ठरवलंत, त्याची वही दुसऱ्याच्या हाती पडली पाहिजे. पँडोरावरच्या 'स्टारक्राफ्ट'मध्ये नेमकी ही वही बाहेर येण्यासारखी नव्हती, आणि तो दोष त्या माणसाचा नाही. तुमच्या कामात बहुधा अशी कायद्याची आडकाठी नसेल. तेव्हा तुम्हाला ही सबबही नाही.

माझं मत विचाराल तर, पद्धत आणि शिस्त शिकायला हे पोर्ट पहिल्या रांगेतलं उदाहरण आहे. जतन म्हणून ते तात्पुरतं आहे. आणि 'स्टारक्राफ्ट' आतून कसा चालतो हे शिकवणारं साधन म्हणून पाहिलं, तर ते अजून मोडीतच आहे.